एक खोली, दोन खोल्या की गाव? लेकरांसाठी घर बघताना

आधी दादांचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. दादा वाळूजला कंपनीत तीन शिफ्टमध्ये आहेत, बायको पॅकिंगला जाते, तिची जनरल शिफ्ट. मुलगी सात वर्षांची, दुसरीत, मुलगा तीनचा. दोन वर्षांत ही तिसरी रूम, सध्या रांजणगावात पत्र्याची एक खोली, भाडं साडेतीन हजार. मुलाला सारखा खोकला, यंदा तीनदा वाफ द्यावी लागली. मुलगी गप्प गप्प झालीय, शाळेत जायला कुरकुर करते. आता समोर तीन रस्ते आहेत, आहे तिथंच राहायचं, अकरा किलोमीटरवर दोन खोल्यांचा फ्लॅट साडेसहा हजारांत घ्यायचा, नाहीतर मुलीला केजकडं गावी आजी-आजोबांजवळ ठेवायचं. आणि शेवटी विचारलंय, एका खोलीत वाढल्यानं लेकरांचं नुकसान होतं का.

दादा, मी बालरोगतज्ज्ञ आहे, संभाजीनगरात २१ वर्षं प्रॅक्टिस करते, आणि माझ्याकडं येणारी निम्मी लेकरं तुमच्यासारख्याच घरांतली आहेत. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला वाटलं की तुम्ही खोल्या मोजताय आणि त्रास मात्र दुसऱ्याच दोन गोष्टींचा आहे. मुलाचा त्रास त्या खोलीतल्या हवेचा आणि उकाड्याचा आहे. मुलीचा त्रास दोन वर्षांत तीनदा जागा बदलल्याचा आहे. दोघांवर एकच औषध चालणार नाही, आणि घाईत एकाचं बरं करायला गेलात तर दुसऱ्याचं बिघडेल.

लेकरू सारखं सारखं आजारी पडून आलं की मी आईला तीन गोष्टी विचारतेच. लेकरू झोपतं कुठं? पाणी कितव्या दिवशी येतं? आणि तुला यायला उशीर झाला तर लेकराला ताट वाढून कोण देतं? घर किती मोठं आहे हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

झोपण्यापासून सुरू करते. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये काय होतं ते तुम्ही भोगताय, मी वेगळं सांगायला नको. बाहेर ४२-४३ असतं, पत्रा दिवसभर तापतो, सूर्य मावळला तरी खोली लगेच गार होत नाही, लेकराचा डोळा लागतो तो मध्यरात्रीनंतर आणि सहाला भोंगा नाहीतर नळ. महिना-दीड महिना असं चाललं की लेकरू चिडचिडं होतं, जेवत नाही, शाळेत पेंगतं, मग बाई म्हणतात लक्ष देत नाही आणि घरी मार पडतो. मी अशी कितीतरी लेकरं बघितलीत ज्यांच्या आयांनी टॉनिक मागितलं आणि त्यांना गरज फक्त पुरेशा झोपेची होती. मराठवाड्यात उन्हाळ्यात घर बघायचं तर ही पहिली परीक्षा.

झोपण्याच्या जागेचीच आणखी एक गोष्ट, हवा. एकाच खोलीत स्वयंपाक, त्यातच झोपणं, खिडकी एक आणि तीही चोरीच्या भीतीनं बंद, किंवा खिडकीच नाही. फोडणीचा ठसका लेकराच्या छातीत जातो. त्यात रात्री मच्छर कॉईल. दादा, कॉईल आजच बंद करा, घर बदला न बदला. २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात एक कॉईल पूर्ण जळाल्यावर निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते, आणि आपण ती बंद खोलीत लेकराच्या उशापाशी लावतो. साधी मच्छरदाणी घ्या, लेकराला झोपताना आत घाला. गावी चूल असेल तर तेच, पाच वर्षांखालच्या लेकरात घरातल्या धुरानं न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भिंतीला ओल असेल, कोपऱ्यात काळी बुरशी असेल तर बाळदमा असलेलं लेकरू बरं होतच नाही, आपण पंप (इन्हेलर) देत राहतो आणि भिंत त्याला परत आजारी पाडते. एक आई मला म्हणाली होती, "डॉक्टर, लेकरू तुमच्याकडं आलं की चांगलं राहतंय, घरी नेलं की परत खोकायलंय." ती माझ्या औषधाचं कौतुक करत होती, मला मात्र तिच्या घराची भिंत कळली. बाथरूमची फुटकी पाईपलाईन त्याच भिंतीतून गेली होती, घरमालकानं ती दुरुस्त केली आणि पुढच्या हिवाळ्यात ते लेकरू एकदाच आलं.

पाण्याचं फार लोक विचारात घेत नाहीत. आपल्याकडं नळ कुठं चौथ्या दिवशी येतो, कुठं आठव्या, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्यांना आठवत असेल. पाणी कमी येतं म्हणून आपण ड्रम, टाकी, बादल्या, मिळेल ते भरून ठेवतो, आणि डेंग्यूचा डास नेमका असल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे नळाच्या दोन पाळ्यांमध्ये एक पिढी तयार. हा डास दिवसा चावतो, तुम्ही कंपनीत असताना. पाणी ओतून दिलं म्हणजे झालं असं नाही, अंडी ड्रमच्या आतल्या कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, म्हणून आठवड्यातून एकदा काथ्यानं आतून घासायचं आणि वरून कापड बांधायचं. कूलरची टाकी पण त्यातच आली. रूम बघायला जाल तेव्हा मालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा पाणी कितव्या दिवशी येतं, खरं तीच सांगेल. आणि प्यायला बोअरचं असेल तर एकदा सरकारी लॅबमधून तपासून घ्या. आपल्याकडं नांदेड, बीडच्या काही गावांत बोअरला फ्लोराईड निघतं, मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा सोर्सच नसेल तर दीडपर्यंत, त्याच्या वर गेलं आणि लेकरू लहानपणापासून तेच प्यायलं तर पुढं येणाऱ्या पक्क्या दातांवर डाग येतात, जास्त असेल तर हाडंही धरतात.

आता तिसरा प्रश्न, ताट वाढण्याचा. हा मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलेला नाही, तो मी माझ्या गावावरून शिकले.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारच्या आधी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. आमची घरं माळवदाची, दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मधे माती भरलेली, वर लाकडावर फूटभर-दोन फूट मातीचं छत. उन्हाळ्यात घर गारेगार, त्या मातीचा लोकांना अभिमान होता, दर पावसाळ्याआधी वर आणखी टोपलंभर माती टाकायचे. तीच माती आमच्या माणसांवर पडली. माझा चुलत भाऊ त्यात गेला, चार वर्षांचा होता. म्हणून जुनी घरं चांगली होती, गावपण होतं वगैरे कुणी म्हटलं की मला ऐकवत नाही. घर मजबूत असणं ही लेकराची सगळ्यात आधीची गरज आहे, बाकी सगळं नंतर.

पण पुढचंही सांगते. ज्या ५२ गावांचं पुनर्वसन नव्या जागी झालं त्यात आमचं गाव होतं. आधी पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, मग नवी घरं मिळाली, जमिनीच्या हिशोबानं कुणाला अडीचशे स्क्वेअर फूट, कुणाला चारशे, कुणाला साडेसातशे. रुंद सरळ रस्ते, एकापासून दुसरं घर लांब, आणि आमच्याकडं ज्याची जशी जमीन तसा त्याचा भाग, त्यामुळं जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं चार दिशेला गेली. जुन्या गावात आई शेतात गेली की आम्ही भावंडं कुणाच्याही चुलीपाशी जाऊन बसायचो, भाकरी मिळायची, खोडी केली तर त्याच घरातून धपाटाही मिळायचा. नव्या गावात घर पक्कं होतं, सिमेंटचं होतं, आणि आई येईपर्यंत आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून राहायचो. माझी आजी तर ओट्यावर बसून दिवस काढणारी बाई, तिची मैत्रीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली, गुडघ्यांमुळं तिला तेवढं चालवायचं नाही. दोन-तीन वर्षांत ओळखी परत झाल्या, झाल्या नाहीत असं नाही, पण ती दोन-तीन वर्षं माझ्या धाकट्या भावाच्या वयाची सहा ते नऊ होती आणि ती त्याला परत मिळाली नाहीत. तो त्या काळात जवळजवळ बोलायचाच नाही. तेव्हा घरात कुणाला वेळ नव्हता बघायला, सगळेच दुःखात होते.

तुमच्या मुलीबद्दल वाचलं तेव्हा मला तो आठवला. म्हणून एवढं लांबलं.

दोन वर्षांत तीन जागा म्हणजे तीनदा शेजार बदलला, खेळायच्या मैत्रिणी बदलल्या, कदाचित शाळाही. मोठ्या माणसाला रूम बदलणं म्हणजे टेम्पो आणि डिपॉझिट. सात वर्षांच्या लेकराला मात्र कुठल्या घरात पाणी मागितलं तर मिळतं, कुठला कुत्रा चावत नाही, कुणाच्या आईला हाक मारायची, हे सगळं परत शिकावं लागतं, आणि तिसऱ्यांदा ते शिकायचं सोडून देतं कारण परत जायचंच आहे. ती हट्टी झालेली नाही, तिला रागावू नका.

या विषयावरचा एक मोठा प्रयोग सांगते. १९९४ पासून अमेरिकेतल्या पाच शहरांत, बोस्टन, न्यूयॉर्क, शिकागो वगैरे, साधारण ४६०० गरीब कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून काहींना चांगल्या वस्तीत भाड्यानं राहायला मदत दिली. पुढं राज चेट्टी आणि त्यांच्या सोबतच्या अर्थतज्ज्ञांनी ती लेकरं मोठी झाल्यावर हिशोब मांडला, तर तेरा वर्षांच्या आत जी मुलं चांगल्या वस्तीत राहायला गेली त्यांची पंचविशीतली कमाई, न गेलेल्यांपेक्षा साधारण ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. पण जी तेरा वर्षांच्या पुढची होती त्यांना फायदा झाला नाही, थोडं नुकसानच दिसलं. तिकडची वस्ती वेगळी, गुन्हेगारी वेगळी, तो आकडा वाळूजला लावू नका. पण मी त्यातून दोन गोष्टी घेते. वस्ती बदलायचीच असेल तर लेकरू लहान असताना बदला, कारण चांगल्या जागी किती वर्षं गेली त्यावर फायदा ठरतो. आणि जागा बदलण्याची स्वतःची एक किंमत असते, लेकरू मोठं असेल तर फायद्याची वर्षं कमी उरतात आणि ती किंमत वसूल होत नाही. तुमची दोन्ही लेकरं लहान आहेत, म्हणजे एक शिफ्टिंग परवडेल, पण ते शेवटचं असू द्या, निदान चार-पाच वर्षांसाठी.

मग तुमचे तीन पर्याय. आता मी तुमची रूम बघितलेली नाही, फ्लॅट बघितलेला नाही, घरात पगार किती येतो माहीत नाही, तेव्हा हे सगळं तुम्ही तुमच्या परिस्थितीवर ताडून बघा.

फ्लॅटबद्दल मला भीती आहे. दोन खोल्या मिळतील, स्लॅब असेल, हवा बरी असेल, मुलाच्या छातीला नक्की बरं. पण अकरा किलोमीटर जायचे आणि अकरा यायचे, म्हणजे तुमच्या बायकोचा रोजचा तास-दीड तास वाढला आणि तुमची सेकंड शिफ्ट असेल तेव्हा लेकरं तेवढा वेळ कुणाजवळ? तिथं तुमचं कुणी नाही. तीन हजार जास्त भाडं म्हणजे ओव्हरटाईम, म्हणजे तुम्ही आणखी कमी घरी. तिसरा मजला असेल तर गच्चीला आणि जिन्याला कठडा किती उंच आहे बघा, तीन वर्षांचं लेकरू बादलीवर चढतं आणि वाकतं, मी पडलेली लेकरं बघितलीत. हायवेला लागून असेल तर आणखी विचार करा. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हायवेवर बांधलेल्या उंच इमारतींतली मुलं तपासली होती, खालच्या मजल्यावर, गोंगाटात राहणाऱ्यांना सारखे वाटणारे शब्द वेगळे ऐकू येण्यात आणि वाचण्यात जास्त अडचण होती, आणि जितकी वर्षं तिथं जास्त तितका फरक जास्त. लेकरू आवाज ऐकायचंच बंद करतं, त्यात आईचं आणि बाईंचं बोलणंही जातं. एका खोलीत दिवसभर टीव्ही चालू असेल तर तेच होतं बरं का.

गावाचा पर्याय. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना मी स्वतः सांगते की लेकरू आजीजवळ ठेवा किंवा हंगामी वसतिगृहात घाला, कारण त्यांना दिवाळीच्या सुमारास जायचं असतं ते मार्च-एप्रिललाच परत यायचं असतं, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, लेकराची शाळा बुडते, थंडीत उघड्यावर झोपणं आणि आसपास बैलगाड्या-ट्रॅक्टर. त्यांच्यासाठी टिकून राहणारी जागा गावातच असते. तुमचं तसं नाही, तुम्ही वर्षभर इथंच आहात. मुलीला एकटीला पाठवलं तर ती चौथ्यांदा जागा बदलेल आणि यावेळी आईबापही बदलतील, आणि धाकट्याला ठेवलं, मला पाठवलं, हे तिच्या मनात बसेल. आजी-आजोबा धडधाकट असतील, ती आधी तिथं राहिलेली असेल, तिला स्वतःला जायचं असेल, तर गोष्ट वेगळी. तिला विचारलंय का कुणी? सात वर्षांचं लेकरू सांगतं, निवांत बसून विचारलं तर.

माझं मत मागताय म्हणून सांगते. रांजणगावातच, शक्यतो आहे त्याच गल्लीत किंवा मागच्या-पुढच्या गल्लीत, शाळा न बदलता, स्लॅबची आणि समोरासमोर दोन झरोके असलेली खोली शोधा, एकच असली तरी चालेल, ओटा वेगळा असेल तर सोन्याहून पिवळं. हजार-बाराशे जास्त द्यावे लागतील पण तीन हजार नाही. खोली बघायला संध्याकाळी जाऊ नका, दुपारी दोनला जा, छताखाली दहा मिनिटं उभं राहा. मग रात्री नऊला परत जा आणि संडास-बाथरूम कॉमन असेल तर तिथपर्यंत चालत जा, दिवा आहे का, आतून कडी लागते का, आजूबाजूला कोण बसलेलं असतं. मुलगी मोठी व्हायलीय, हे आत्तापासून बघावं लागतं.

स्लॅबची मिळेपर्यंत पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारून घ्या, मार्च लागायच्या आत, खर्च फार नाही आणि आत फरक जाणवतो. पत्र्याखाली थर्माकोल मात्र लावू नका, एका ठिणगीत पेटतो, आणि वर कडबा-पाचट टाकू नका, तेच कारण. कूलर लावलात तर दार-खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर सगळी ओल आतच राहते.

एका खोलीत राहायचंय तर मुलीला त्यात तिचा कोपरा द्या. एक पत्र्याची पेटी चालेल, भिंतीतला एक कप्पा चालेल, पण त्याला धाकटा हात लावणार नाही आणि तुम्हीही विचारल्याशिवाय उघडणार नाही. रोज एक तास टीव्ही आणि मोबाईल सगळ्यांचाच बंद. आणि एका खोलीत भांडण लपत नाही दादा, तुम्ही हळू बोललात तरी लेकराला सगळं ऐकू येतं, पैशाचं बोलणं ती झोपल्यावर नको, ती झोपलेली नसते. तिच्या वर्गशिक्षिकेला एकदा भेटा. शेजारची एक कुणी बाई जिच्यावर विश्वास आहे तिला नीट सांगून ठेवा की आम्हाला उशीर झाला तर लेकरं तुमच्याकडं येतील, तिच्या लेकरांचं तुम्ही सुट्टीच्या दिवशी करा, म्हणजे उपकार राहत नाहीत.

दीड-दोन महिने असं करूनही ती बोलली नाही, किंवा अंथरूण ओलं करायला लागली, झोपेत दचकायला लागली, एखाद्या ठराविक माणसाला किंवा जागेला घाबरते असं दिसलं तर वाट बघू नका, डॉक्टरांकडं किंवा समुपदेशकाकडं न्या. कुणी त्रास दिल्याचा संशय आला तर १०९८ ला फोन करा, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो.

आणि मुलाचं. घराचं व्हायचं तेव्हा होईल, आज रात्री तो झोपला की शर्ट वर करून घड्याळात पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. तीन वर्षांच्या लेकराचे मिनिटाला ४० किंवा जास्त झाले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. तसं नसेल तरी यंदा तीनदा वाफ लागलीय म्हणजे हा बाळदमा आहे का हे एकदा बालरोगतज्ज्ञाकडून नीट ठरवून घ्या. पंप लिहून दिला तर घ्या, पंपाची सवय लागत नाही.

शिफ्टिंग मेमध्येच उरका, जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत. मुलाला पुढं आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून इंग्लिश शाळेत टाकायचा विचार असेल तर भाडेकरार नोंदणीकृत करून घ्या, नुसता नोटरीचा तिथं धरत नाहीत, आणि शाळेचं अंतर तुमच्या त्याच पत्त्यावरून मोजतात, एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी. घरमालक नोंदणीला तयार नसेल तर तो तुम्हाला चार वर्षं ठेवणारही नाही असं समजा आणि दुसरी खोली बघा. नवीन खोली मिळाली की खिडकीचा आणि छताचा फोटो इथं टाका, मी बघून सांगते.